बारमाही सुटाचा अभ्यास

कडलग साहेब वाईट माणूस नव्हता, असं आमच्या संघात अजूनही सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मला विचाराल तर वाईट माणूस परवडला. त्याच्यापासून आपण चार हात लांब राहतो, आपली वस्तू त्याच्या हातात देत नाही. कडलग साहेबांच्या हातात आम्ही आपण होऊन वस्तू दिली आणि वर चहा पाजला.

आमचा दूध संघ संगमनेरकडचा. नाव सांगत नाही, कारण संघ चांगला आहे आणि मला अजून पगार तिथूनच मिळतो. मी कृत्रिम रेतनाच्या कामावर. गाय माजावर आली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि आम्ही मोटारसायकलला गोठवलेल्या रेताचा नायट्रोजनचा कंटेनर बांधून तिच्या गोठ्यात हजर व्हायचं. गाय काही आभाळ बघून माजावर येत नाही. एकदा वेळ टळली की पुढच्या पाळीपर्यंत शेतकरी आपलं तोंड बघत नाही, आणि दिसलो तर बरं बोलत नाही. त्यामुळं आमचं सगळं आयुष्य बारमाही गाडीवर. मे महिन्यात नेवाशाकडं फुफाट्यानं डोळे भरतात, डिसेंबरात पहाटे बोटं हँडलवरनं सुटत नाहीत, आणि अकोले तालुक्यात वर, राजूर-कोतूळच्या बाजूला, पावसाळा एकदा लागला की माणूस वाळतो तो दसऱ्यालाच.

अशा लोकांसाठी सूट निवडायचा होता. आणि निवडणार कोण, तर कडलग साहेब.

ते आमचे खरेदी आणि स्टोअरचे प्रमुख. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट असे की त्यात भांग पाडावा. त्यांची एक खोड सगळ्या संघाला माहीत होती. कुठलंही कापड दिसलं की अंगठा आणि पहिलं बोट पुढं करायचं, कापड चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे आणि हळूहळू चोळायचं. लग्नाला गेले की नवरदेवाच्या कोटाची बाही चोळायचे. आमच्या एका ड्रायव्हरचा बाप वारला, तेव्हा दहाव्याला येऊन बसले आणि बसल्या जागी सतरंजीचा कोपरा चोळत राहिले. ड्रायव्हर रडत होता. साहेबांनी डोळे उघडले आणि मला हळूच म्हणाले, "सुती नाही रे ही. मिक्स आहे."

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'अभ्यास'. "यावर जरा अभ्यास करावा लागेल." ऑफिसातला पंखा बंद पडला तेव्हा त्यांनी पंख्यांवर अभ्यास केला, तो संपला तेव्हा थंडी पडली होती. दूध मोजायची मापं बदलायची होती, तर तीन कंपन्यांची मापं टेबलावर मांडून रोज त्यात पाणी भरायचे, ओतायचे, भरायचे. बघणाऱ्याला वाटावं काय तल्लीन माणूस आहे! तल्लीन होताच. पण आमचे गवळी तोवर पोचे आलेल्या जुन्याच मापांनी दूध घालत होते आणि रोज भांडत होते, त्याचं काय?

त्यांच्या गाडीविषयी सांगितलंच पाहिजे. संघात सगळ्यात चकचकीत मोटारसायकल त्यांची. सीटवरचं शोरूममधलं प्लॅस्टिक त्यांनी काढलेलं नव्हतं. आभाळातून एक थेंब पडला की हा माणूस जवळचा पेट्रोलपंप गाठायचा आणि शेडखाली गाडी पुसत उभा राहायचा. पावसाळाभर उशिरा यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पावसात गाडी चालवणं हा शुद्ध अविचार आहे." आणि आम्ही अविचारी माणसं ओल्या चड्डीनं समोर उभी!

एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्यांनी कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही. व्यापाऱ्याचा पेढासुद्धा परत पाठवायचे. लोक याचं कौतुक करतात. मी करत नाही. खाणारा माणूस असता तर ज्याचं खाल्लं त्याचा माल तरी वेळेवर आणला असता. पाऊस लागायच्या आत आमच्या अंगावर काहीतरी पडलं असतं. ह्यांना काही नको होतं, म्हणून ह्यांना घाईही नव्हती.

आता रफिकभाई. आमच्यात सगळ्यात जुना माणूस, राजूर-कोतूळचा रूट त्याचा. मेंदी लावलेली दाढी, पुढं आलेलं पोट आणि आवाज असा की गोठ्यात बोलला तर बांधावर ऐकू यावा. भांडखोर तर इतका की शेतकऱ्याशी त्याच्याच गाईच्या जातीवरनं वाद घालायचा. आणि थापाड्या! "माझ्या हातची गाय कधी उलटली न्हाई," असं छातीवर हात मारून सांगायचा. गाय उलटणं म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणं. रफिकभाईच्या हातच्या गायी सगळ्यांच्या गायींइतक्याच उलटायच्या, हे त्यालाही माहीत होतं. पण फोन आला की कसाही पाऊस असो, तो जायचा. लोक त्याला शिव्या घालायचे आणि त्यालाच बोलवायचे.

आदल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता. चांगला आठवडाभर दवाखान्यात होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असे भिजलात तर मला दोष देऊ नका." आणि आमच्या कामात बसून करायचं असं काही नसतं. फिरता आलं तर काम, नाही तर घर. त्याची धाकटी मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर तरी गाडीवर बसायचं, एवढंच त्यानं मनात धरलं होतं. म्हणजे कोरडं राहायचं. त्याचं सगळं त्या कोरडं राहण्यावर अडलेलं होतं.

नशीब बघा, त्याचा एक भाचा बोटीवर नोकरीला. कुठल्याशा थंड देशाच्या बंदरातून त्यानं मामासाठी मोटारसायकलवर घालायचा सूट आणला. काळा, जाड, आतून मऊ, पण अंगावर ओझं नाही. बैठकीला शिवणच नाही. आमचे बाजारातले रेनकोट तिथंच तर दगा देतात. सीटवर बसलं की मांडीच्या बेचक्यात पाण्याचं तळं साचतं आणि शिवणीतून आत. हा सूट मांडीखालून अखंड होता. परतीच्या पावसात रफिकभाई राजूरहून निघाला आणि भर पावसात संगमनेरात आला. आमच्यासमोर चेन उघडली, शर्टाच्या खिशातून बिडी काढली आणि पेटवून दाखवली.

"बघा! काडीपेटीसुदिक कोरडी हाय!"

न्यूमोनिया होऊन गेलेला माणूस बिडी ओढून सूट चांगला असल्याचं दाखवत होता. मी म्हटलं, "भाई, सूट चांगला हाय, तुझी अक्कल कुठं भिजली?" सगळे हसले, तो सगळ्यात जास्त. आणि खोकला.

पुढच्या उन्हाळ्यात संघानं ठरवलं की गाडीवर फिरणाऱ्या सगळ्यांना एकसारखा सूट द्यायचा. मीटिंगमध्ये कडलग साहेब उभे राहिले. म्हणाले, "एकच सूट. बारमाही. पावसात पाणी नको, थंडीत वारा नको, उन्हात घाम नको. गाडीवरून पडलं तर फाटता कामा नये, आणि दहा वर्षं टिकला पाहिजे."

रफिकभाई बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, असं काही असतं तर अल्लानं आपल्याला तसलंच कातडं दिलं असतं."

हशा पिकला. साहेब हसले नाहीत. रफिकभाई मग स्वतःच पुढं गेला. "त्यापरीस माझ्यासारखा घ्या सगळ्यांना. उद्या आणून दावतो." दुसऱ्या दिवशी आणला. साहेबांनी बाही चिमटीत धरली, डोळे मिटले आणि इतका वेळ उघडले नाहीत की शिपाई दगडू दारातून डोकावून गेला.

"दोन दिवस ठेव माझ्याकडं," साहेब म्हणाले. "यावर अभ्यास करतो."

रफिकभाईनं ठेवला. बाहेरून चहा मागवला, साहेबांना दिला, आम्हालाही दिला. वैशाख होता, ऊन मी म्हणत होतं, पावसाचा सूट कुणाला लागणार होता!

मग सुरू झाल्या चाचण्या. नगर, नाशिक, पुणे, कुठून कुठून दुकानदार नमुने घेऊन यायचे. आमच्या आवारात दुधाचे टँकर धुवायला प्रेशरचा पाइप आहे. साहेबांनी एकेक सूट दगडूला घालायला लावला आणि त्याच्यावर तो पाइप सोडला. दगडू बिचारा हात पसरून उभा, आणि आम्ही सगळे गोल करून बघायला. मजा वाटली, खोटं कशाला बोलू? एका सुटाची चेन उघडली तर दगडू आतून निथळत होता. दुकानदाराचा चेहरा उतरला. साहेबांनी दगडूच्या बनियनला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, वास घेतला.

"हे घामाचं पाणी आहे," ते म्हणाले. "ते आपल्या विषयात येत नाही. सूट पास."

दगडू म्हणाला, "साहेब, पन मी भिजलो ना."

"आतून भिजलास. आतून भिजण्याचा सुटाशी संबंध नाही."

मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. पण तेव्हा मीही हसत होतो.

दोन दिवसांचे किती झाले कोण जाणे. रफिकभाई येता-जाता विचारायचा, "साहेब, झाला का अभ्यास?" साहेब म्हणायचे, "अरे, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो." पहिले वळीव पडून गेले, वर घाटमाथ्यावर ढग उतरायला लागले. एके दिवशी रफिकभाई मला म्हणाला, "चल रे भागवत, माझं सामान घेऊन येऊ." आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो.

टेबलावर सूट होता. म्हणजे सुटाचं जे काही उरलं होतं ते. पाठीवर तळहाताएवढी खिडकी कापलेली. एका बाहीचा कोपरापासून खालचा भाग नाहीच. मांडीखालचं ते अखंड कापड उभं चिरलेलं. आणि समोर एका पुठ्ठ्यावर टाचण्यांनी तुकडे लावलेले, प्रत्येकाखाली साहेबांच्या सुंदर अक्षरात: बाहेरचा थर, मधला थर, आतला थर.

साहेबांचा चेहरा आनंदानं फुललेला. "ये, ये रफिक! बघ काय सापडलंय. मधे एक पडदा आहे, पडदा! कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. सगळी करामत त्याची. कापून बघितल्याशिवाय कळलंच नसतं."

रफिकभाईचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. पण आवाज आलाच नाही. त्यानं ती चिरलेली मांडी उचलली, खाली ठेवली.

"साहेब, हा माझा हुता," तो म्हणाला.

"अरे तुझाच आहे! मी कुठं नाही म्हणतोय? पण विचार कर, तुझ्या एका सुटापायी सगळ्या स्टाफला सूट मिळणार. तुला अभिमान वाटायला पाहिजे. आणि हा मी शिवून देतो ना. आपला टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणारा आहे, त्याच्याकडून."

तेव्हा कुठं आवाज आला. "शिवून देता? सोललेलं जनावर शिवून दूध देतं का, साहेब? येवढं तरी वाचलं का तुमच्या अभ्यासात?" पुढचं मी लिहीत नाही. दगडू पळत आला, अकाउंटवाले उठून आले. आणि साहेब काय म्हणाले असतील? दुखावल्या आवाजात मला म्हणाले, "भागवत, ह्या लोकांना शास्त्राची किंमत नाही रे."

हे लोक! मी पण त्या लोकांतलाच होतो. खोटं बोलत नाही, त्या दिवशी मी साहेबांची कॉलर चिमटीत धरून चोळली असती. रफिकभाईनंच मला बाहेर ओढलं.

मग पाऊस लागला. माझा रेनकोट त्याला देऊ केला, तर तो त्याच्या पोटावरून पुढंच जाईना. राजूरच्या बाजारातून त्यानं एक घेतला, तो आठवड्यात बैठकीला उसवला. दुसरा चांगला घे म्हणून मी डोकं फोडलं. भाच्याला फोन लावला, तर त्याची बोट कुठल्या कुठं समुद्रात. आणि रफिकभाई हट्टाला पेटला होता. "माझा ह्यानं कापला, ह्यानंच द्यायचा. मी का म्हनून घिऊ?" मी म्हटलं, "अरे येड्या, फुप्फुसं तुझी हायेत, त्याची न्हाईत." तो म्हणाला, "व्हय, पन सूट बी माझाच हुता की."

शेतात अंथरायचं मेणकापड अंगाला गुंडाळून, वरून सुतळी बांधून तो कोतूळच्या रस्त्यानं जायचा. वाऱ्यानं ते कापड फडफडायचं आणि मानेतून पाणी आत शिरायचं. आणि फोन तर थांबत नव्हते. साहेबांकडं गेलो की उत्तर ठरलेलं. "अंतिम टप्प्यात आहे." श्रावणात अंतिम टप्पा होता. भादव्यात अंतिम टप्पाच होता. एकदा तर मला त्यांनी उत्साहानं बोलावून परदेशातला एक गोरा माणूस मोबाइलवर दाखवला. तो सूट घालून नदीत झोपला होता. "बघ, किती खोलात जाऊन विचार करतात!" मी बाहेर बघितलं. आमची मुलं पोर्चमध्ये पायमोजे पिळत होती.

गणपती उठले आणि रफिकभाईला ताप भरला. एका दुभत्या गाईसाठी कोतूळच्या पलीकडं गेला होता, येताना पुलावर पाणी म्हणून तासन्‌तास उभा राहिला, भिजत. ह्या खेपेला आठवड्यावर भागलं नाही. बाहेर आला तेव्हा मेंदीच्या दाढीखाली पांढरी दाढी निघाली होती, आणि जिना चढताना मधे थांबून माणसांची चौकशी करायचा, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. डॉक्टरांनी गाडी बंद केली. कायमची. रूट गेला, काम गेलं. धाकटीनं नर्सिंग अर्ध्यावर सोडून संगमनेरात एका कापडदुकानात नोकरी धरली.

आणि मग, थंडी चांगली पडल्यावर, पाऊस पार विसरल्यावर, सूट आले.

साहेबांनी समारंभ ठेवला. सूट वाटप आणि रफिकभाईचा निरोप, दोन्ही एकदम, म्हणजे मंडप एकच लागेल. हे त्यांनीच सुचवलं. रफिकभाई रिक्षातून आला. हार घातला, नारळ दिला, आणि साहेबांनी माइक घेतला. पडद्याविषयी बोलले, थरांविषयी बोलले. म्हणाले, "या कामात आमच्या रफिकचंही मोलाचं योगदान आहे." टाळ्या पडल्या. माझे हात उचललेच नाहीत. "म्हणून पहिला मानाचा सूट त्यालाच!"

सूट नारिंगी. छातीवर, पाठीवर, बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या. हलला की खर्र खर्र वाजायचा. जन्मात पुन्हा गाडीवर न बसणाऱ्या माणसाला साहेबांनी तो स्टेजवर स्वतःच्या हातानं घातला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. रफिकभाईचं तोंड उघडं पडलं. श्वास वर अडकला होता त्याचा.

"कसं वाटतंय, रफिक?" माइक त्याच्यापुढं धरला.

"गरम हुतंय," तो कसाबसा म्हणाला.

साहेब आमच्याकडं वळले. "बघा! थंडीची चाचणी जागेवर पास!"

लोक हसले. मी स्टेजवर चढलो आणि चेन खाली ओढली. साहेब मला म्हणाले, "सावकाश रे, चेन नवी आहे."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वाट्याचा सूट घालून कामाला गेलो. थंडीला बरा होता, नाही म्हणत नाही. वस्तीवर गेलो, गोठ्यात पाय टाकला, आणि गाईनं जी उसळी मारली! दावं तटकन तुटलं, गव्हाण आडवी, मी शेणात. म्हातारी मालकीण काठी घेऊन धावून आली.

"आरं, मानूस हायेस का भूत? आदी काढ ते अंगावरनं! माझी गाय बुजली ना!"

त्या खर्र खर्र आवाजाला आणि चमकणाऱ्या पट्ट्यांना गाय टिकेल का उभी? शेजारच्या वस्तीवर तेच. सगळ्यांच्या रूटवर तेच. म्हणजे बघा, दूध संघातला माणूस. पाइपाखाली बघितलं, चाकूनं चिरून बघितलं, परदेशातली नदी बघितली. पण एकदा, फक्त एकदा तो सूट घालून गाईपुढं उभं राहून बघावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आवाराच्या मागंच संघाचा गोठा आहे. साहेबांच्या खिडकीतून दिसतो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?

आम्ही तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सवय होईल गायींना," ते म्हणाले.

सवय काही झाली नाही. गोठ्याबाहेर सूट काढायचा, काम करायचं, मग पुन्हा चढवायचा, असं काही दिवस केलं. पाऊस असता तर बाहेर काढताना भिजणं आलंच असतं. मग एकेकानं तो घरी ठेवून दिला आणि आपापले जुने रेनकोट चिकटपट्ट्या लावून काढले.

रफिकभाई पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचला नाही. फाल्गुनात गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीचीच खराब होती. त्यात बिड्या. असेल. डॉक्टर शिकलेला माणूस आहे. पण मी त्याला त्या काळ्या सुटात राजूरहून कोरडा ठणठणीत येताना बघितलंय, त्यामुळं मला कुणी काही शिकवू नये. माणसं म्हणतात, कडलग साहेबांचा हेतू चांगला होता. त्या हेतूला काय चाटायचंय?

साहेब त्याच्या आधीच सन्मानानं निवृत्त झाले होते. माझी बदली नेवाशाकडं झाली. मधे गेले काही दिवस, आणि परवाच्या पावसाळ्यात जनावरांच्या बाजाराच्या दिवशी मी घोडेगावला निघालो होतो. पाऊस चांगला लागला होता. रस्त्यानं म्हशी भरलेले टेम्पो चाललेले, सगळीकडं चिखल. पेट्रोल भरायला पंपावर वळलो, तर शेडखाली एक चकचकीत गाडी, आणि तिची टाकी पुसत उभे कडलग साहेब. नेवाशाला मुलीकडं आले होते म्हणे. तेच कपडे, तीच इस्त्री. एक थेंब नव्हता अंगावर.

"अरे भागवत! अजून गाडीवरच का?" त्यांना खरंच आनंद झाला होता. "आपले सूट कसे आहेत? टिकले ना?"

"टिकलेत की," मी म्हणालो. "एक बी फाटला न्हाई. घालतंय कोन?"

शेवटचे शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत. मान डोलावत राहिले. मग म्हणाले, "आणि आपला रफिक काय म्हणतो?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी गाडी स्टँडला लावली. मग सांगितलं. "गेला, साहेब. फाल्गुनात."

"अरेरे! काय सांगतोस!" त्यांनी पुसायचं कापड बाजूला ठेवलं. हळहळले. नाटक नव्हतं ते, तेवढं मला कळतं. डोळे ओले झाले होते. "फार चांगला माणूस. तोंडानं फटकळ, पण चांगला." पुसायचं कापड पुन्हा उचललं. मग विचारलं, "त्याचा तो मानाचा सूट?"

"हाय घरी. भाभीनं घडी घालून ट्रंकेत ठिवलाय."

"घडी घालून?" रफिकभाईची बातमी ऐकून पडला नव्हता इतका त्यांचा चेहरा पडला. "अरे, घडी घालून नाही ठेवायचा तो! घडीवर पडदा चिरतो आतला. भाभींना सांग बाबा, हँगरला लावून ठेवा म्हणावं."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. का गिळलं देव जाणे, आज भेटले असते तर गिळलं नसतं. पेट्रोल न भरताच गाडी चालू केली.

"आणि उन्हात नको!" ते मागून ओरडले. तोवर मी गाडी पावसात घातली होती.